कचरा टाकायचा हक्क

अकरा मार्च. घंटागाडी यायच्या आत घरातला ओला कचरा एका बादलीत आणि सुका दुसऱ्या बादलीत करायचा होता, म्हणून मी मागच्या दारी उकिडवी बसून कांद्याच्या सालांतून दुधाच्या पिशव्या वेचत होते. ग्रामपंचायतीचा नवा हुकूम. आजवर गावाने सगळं एकत्र कालवून टाकलं तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही. आता गाडीवर भोंगा लावून रोज सकाळी एक बाई रेकॉर्डमधून आम्हाला ओलं म्हणजे काय आणि सुकं म्हणजे काय ते शिकवते. तिचा आवाज ऐकला की मला राग येतो, आणि कचऱ्यावरून राग आला की वन्सं आठवतात. वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद. अख्ख्या कोकणपट्टीत माहेरी येताना कचरा घेऊन येणारी बाई एकच आहे आणि ती नेमकी माझ्या वाट्याला आली आहे, हे मी कुठेही उभं राहून सांगायला तयार आहे.

लोकांच्या नणंदा माहेरी येताना भाच्यांना कपडे आणतात, फळं आणतात, गेला बाजार एखादं बिस्किटाचं पाकीट तरी. वन्सं पेणहून निघतात, दोन्ही हातांत कचऱ्याच्या पिशव्या घेऊन गाडीत बसतात, रोह्याला उतरतात, रिक्षा करून आमच्या गावात येतात, गावाबाहेरच्या डंपिंगवर जाऊन त्या पिशव्या रिकाम्या करतात आणि मग हात धुऊन माझ्याकडे जेवायला येतात. गावाचं नाव मी लिहीत नाही. गावातले लोक वाचतात आणि मला तिथेच राहायचं आहे. महिन्यातून दोनदा तरी ही फेरी. पेणला त्यांच्या दारात रोज सकाळी गाडी येते. गाडीवाला त्यांच्या नावाने हाका मारतो. मी एकदा चिडून विचारलंसुद्धा, "वन्सं, पेणला कचरा टाकायला जागा नाही का?" त्या म्हणाल्या, "जागा आहे गो. पण तिथे माझी ओळख नाय."

ह्या वाक्यावर माणसाने काय बोलायचं? मी रोह्याच्या एका लॅबमध्ये काम करते. लोकांचं रक्त, लघवी आणि थुंकी तपासणं हा माझा रोजचा धंदा आहे, त्यामुळे मला कशाची किळस वाटत नाही. पण रोगाला नाव असतं आणि नावाप्रमाणे औषध असतं. वन्संच्या ह्या तऱ्हेला मला कुठलंच नाव सापडत नव्हतं.

बरं, कचराही साधा नाही. वन्सं पेणच्या एका शाळेत शिवण शिकवत असत. त्यांचे यजमान गेले, मुलगा नोकरीसाठी लांब गेला, पण शिलाई मशीन राहिलं. तेव्हा कचऱ्यासाठी त्या पिशव्या शिवतात. खणाच्या कापडाच्या, कडेला पायपिंग लावलेल्या, तोंडाला गोंडेदार नाडी असलेल्या. आत काय? दुधाच्या पिशव्या, पण धुतलेल्या, वाळवलेल्या आणि रुमालासारख्या चौकोनी घडी केलेल्या. फुटका कप, तो वर्तमानपत्रात गुंडाळून दोऱ्याने बांधलेला. औषधांची रिकामी पाकिटं, गेलेला बल्ब, तुटलेल्या कंगव्याचे दोन्ही तुकडे. ओलं सगळं त्या घरीच कुंड्यांत जिरवतात. म्हणजे रेकॉर्डमधली बाई आम्हाला जे आज शिकवते आहे ते वन्संना तिच्या जन्माआधीपासून येतं, आणि ह्याचाही मला रागच येतो. माझ्या मुलीच्या साखरपुड्याला वन्सं सकाळच्या गाडीने आल्या. गडबडीत डंपिंगवर जायचं राहिलं म्हणून पिशव्या माजघरात ठेवल्या. संध्याकाळी पाहुणे निघाले, आणि आमच्या होणाऱ्या विहीणबाई त्यातली एक पिशवी परतभेट समजून अलिबागला घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. आवाज फार जपून लावलेला. "पिशवी फारच सुरेख आहे हो. आत जे आहे... त्याची तुमच्याकडे काही पद्धत आहे का?" लग्न मोडता मोडता राहिलं. वन्संना सांगितलं तर त्यांना चिंता वेगळीच. "अगो, मग त्यांनी तो कप टाकला कुठे?"

गाडीतला प्रकार तर मी डोळ्यांनी पाहिलेला आहे. एकदा मी पेणहून त्यांच्याबरोबर येत होते. शेजारी धरमतरकडची एक मासळीवाली पाटी घेऊन बसली होती. वन्संनी पिशवी पाटीला टेकवून ठेवली.

"ए बाय, काय हाय गो त्यात?" मासळीवालीने विचारलं.

"कचरा."

"कचरा? आनि माज्या पाटीला लावून ठेवलास? लोकांना खायाची मासली हाय ती!"

"हुंगून बघ. तुझ्या मासळीपेक्षा वास कमी आहे."

ती बाईही पक्की. तिने खरंच नाडी सोडली, नाक आत घातलं आणि डबाभर ऐकू जाईल अशी ओरडली, "याला तं साबनाचा वास येतंय!"

"मग? धुऊन आणलाय."

"मंग टाकतेस कशाला? दे इकडं, मना कामाला येल."

"नाय मिळायचा," वन्सं म्हणाल्या आणि नाडी आवळली. "कचरा आहे तो. मी टाकणार आहे."

नागोठण्यापर्यंत दोघी भांडत होत्या. मी खिडकीबाहेर बघत, आपण ह्या बाईला ओळखत नाही, असा चेहरा करून बसले होते. उतरताना मासळीवालीने मलाच विचारलं, "तुमची कोन लागते ही?"

ह्या सगळ्यापेक्षा मला टोचायची ती एक गोष्ट वेगळीच. वन्सं माझ्याकडून काहीही घेऊन जात नसत. परसात शेवगा आहे, शेंगा खाली पडून वाळतात. नारळ आहेत. भात अजून आम्ही घरापुरतं करतो. घरचे तांदूळ म्हटलं की पेणमधल्या बायका पिशवी घेऊन रांगेत उभ्या राहतील. वन्सं जेवायच्या, ताट स्वतः घासायच्या, आणि मी हातात काही ठेवू लागले की दोन्ही रिकाम्या पिशव्या झटकून, घडी करून पर्समध्ये टाकायच्या. "नको गो. ओझं होतं." पेणहून दोन पिशव्या आणताना ओझं होत नाही आणि नेताना चार शेंगांचं होतं? मी माझ्या यजमानांना म्हणायची, "तुमच्या बहिणीला माझ्या हातचं चालत नाही." ते म्हणायचे, "तिचा स्वभावच तसा." आमच्या घरात कुठलीही अडचण आली की ती कुणाच्या तरी स्वभावात नेऊन ठेवायची पद्धत आहे.

आता डंपिंगविषयी सांगायला हवं. ती जागा आमचीच. म्हणजे सासऱ्यांची. गावाबाहेर ओढ्याच्या अंगाला भाताची खाचरं होती. सासरे गेले तेव्हा रीतीप्रमाणे वन्संनी हक्कसोड करून दिली. आमच्याकडे बहिणी हे जेवणाच्या पंगतीत मीठ वाढल्यासारखं करतात. तहसीलला जायचं, सही करायची, भावाने साडी द्यायची, संपलं. पुढे ग्रामपंचायतीला कचरा टाकायला जागा हवी होती, कुणी देईना. ओढ्याकडची खाचरं तशीही पडीक पडत चालली होती. यजमानांनी ती गावाला देऊन टाकली. सभेत शाल मिळाली, नारळ मिळाला. वन्संना सांगायचं कुणाला सुचलं नाही. त्या गौरीला आल्या तेव्हा त्यांना रस्त्यावरूनच वास आला.

जेवल्या, झिम्मा खेळल्या, गेल्या. पुढच्या वेळी आल्या त्या पिशव्या घेऊनच. यजमानांनी विचारलं, "ताई, हे काय?" त्या म्हणाल्या, "जमिनीवरचा हक्क सोडलाय रे मी. कचरा टाकायचा नाय सोडला." यजमान खो खो हसले. मीही हसले. तेव्हापासून ही बाई डंपिंगची मालकीण झाली.

मालकीण म्हणजे किती? गावाने तिथे काय काय आणून ओतलं त्याची यादी केली तर मलाच उलटी होईल, आणि मी वर सांगितलंच आहे की मला किळस येत नाही. लग्नातल्या थर्माकोलच्या ताटल्या, कोंबडीची पिसं, लहान मुलांची डायपरं, गणपती उठले की मखरं. उन्हाळ्यात ते आपोआप पेटायचं आणि धूर सरळ आदिवासीवाडीवर जायचा. गावात कुणाला त्याचं काही नाही, कारण वारा गावाकडे वाहत नाही. पण वन्संच्या लेखी तिथे अजून खाचरंच होती. पाणकोंडीचं खाचर, आंब्याखालचं खाचर, काकाचं खाचर. कुठलीही वस्तू त्या कुठेही टाकत नसत. काच काकाच्या खाचरात, कारण काकाने लहानपणी त्यांना जांभळं काढू दिली नव्हती. प्लास्टिक पाणकोंडीत. ट्रॅक्टरवाल्याने एकदा भलतीकडे ट्रॉली उलटी केली तर ह्या धावत गेल्या. "अरे ए, तिथे ओतू नकोस. तो बांध माझ्या आईने घातलाय." ट्रॅक्टरवाला खाली उतरून बघायला लागला. "कुठाय बांध, आत्या?" त्यांनी दाखवला. बांधावर दोन माणसं उंचीचा ढीग होता. तरी पुढे तो ट्रॅक्टरवाला तेवढी जागा सोडून ओतत असे, आणि ह्याला मी काय म्हणावं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

धाटावच्या कारखान्यांत शिफ्टला जाणारे लोक मोटरसायकल न थांबवता वळणावरून पिशवी भिरकावतात. ती निम्म्या वेळा रस्त्यातच पडते. वन्सं एकदा वळणावर आडव्या उभ्याच राहिल्या. पोरगा करकचून थांबला.

"कुणाचा रे तू?"

"आत्या, शिफ्ट हाय. उशीर होयल मला."

"होऊ दे उशीर. कुणाचा ते सांग."

त्याने वडिलांचं नाव सांगितलं. मग वन्संनी त्याच्या आईचं माहेर काढलं, गडबच्या मावशीपर्यंत गेल्या, मावशी आपल्या वर्गात होती आणि तिला काजं करता येत नव्हती हे त्याला ऐकवलं आणि मग पिशवी उचलायला लावली. पोरगा ती उचलून आत नेऊन टाकून आला. जाताना ओरडला, "काय बाय हाय का कोन हाय!" वन्संचा चेहरा असा खुलला की जणू सत्कार झाला.

तर अकरा मार्च. मी सालं वेचत बसले होते आणि वन्सं पिशव्या घेऊन मागच्या दारी हजर.

"काय गो, आता सुचलं होय?" माझ्या दोन बादल्या बघून म्हणाल्या.

"सुचलं नाही, करायला लावलं," मी म्हटलं. "या, बसा. चहा ठेवते."

"आधी टाकून येते."

गुडघा दुखतो म्हणून त्या जरा लंगडत होत्या. माझी त्या दिवशी दुपारची पाळी होती, म्हणून एक पिशवी मी घेतली आणि बरोबर निघाले. डंपिंग बंद व्हायचं आहे, कचरा आता लांब दुसरीकडे जाणार, इथे माती टाकून बाग करणार, हे मी ऐकून होते. पण आमच्याकडे ऐकलेल्या गोष्टी व्हायला वर्षं लागतात. हे काम मात्र झालं होतं. ढिगांवर लाल माती पसरलेली, भोवती तारेचं कुंपण, रस्त्याच्या तोंडाला लोखंडी फाटक. फाटकाला कुलूप. आणि समोर नवीन ग्रामसेवक, हातात मोबाईल, फोटो काढत.

"मॅडम, इथे टाकायचं बंद झालंय," तो म्हणाला. नम्रपणे म्हणाला, हे मी मान्य करते. "गाडीत द्या."

"गाडीत काय म्हणून देऊ? मी इथे टाकते."

"आता आत कुणालाच प्रवेश नाही."

"कुणाला म्हणजे? मी कुणी परकी नाय. मी इथली आहे."

ग्रामसेवकाने माझ्याकडे बघितलं. मी काही बोलणार तेवढ्यात यजमानांची स्कूटर आली. बागेचं काम कुठवर आलं ते बघायला ते रोज सकाळी फेरी मारतात हे मला तेव्हाच कळलं. ग्रामसेवकाला हायसं वाटलं. त्याने वन्संना विचारलं, पण बघितलं यजमानांकडे. "मॅडम, तुमचा ह्या जागेशी संबंध काय?"

किती सोपा प्रश्न. ह्या खाचरांत चिखल तुडवलेली बाई समोर उभी होती. यजमानांनी हेल्मेट काढलं आणि म्हणाले, "माझी बहीण आहे. म्हणजे... तसा संबंध काही नाही. हक्कसोड झालेली आहे."

वन्संनी पिशवीची नाडी उगीचच सोडली आणि परत बांधली. तेवढ्यात घंटागाडी आली, भोंग्यातली बाई ओलं-सुकं करत. वन्संनी माझ्या हातातली घेऊन दोन्ही पिशव्या, खणाच्या कापडासकट, गाडीवाल्याच्या हातात दिल्या. पिशव्या त्यांनी ह्याआधी कधी दिल्या नव्हत्या. मग वळल्या आणि रिक्षा मिळते त्या नाक्याकडे चालू लागल्या. मी मागे धावले.

"वन्सं, जेवण व्हायचंय."

"भूक नाय गो."

"मग पुढच्या वेळी लवकर या. वालाचं बिरडं करते."

"आता कशाला येऊ?"

मला ह्या बाईचा भयंकर राग आला. "कशाला म्हणजे? माहेरी यायला कारण लागतं?"

"लागतं," त्या म्हणाल्या. रिक्षा अजून आली नव्हती. नाक्यावर पाराखाली आम्ही दोघीच. "बहीण रिकाम्या हाताने दारात आली की भावाच्या पोटात गोळा येतो. आली वाटा मागायला. काही चांगलं घेऊन आली तर वाटतं, आज देते आहे म्हणजे उद्या मागणार. मी हे माझ्या सासरी बघितलंय, माझ्या नणंदांच्या बाबतीत. म्हणून मी ठरवलं, आपण असं काहीतरी घेऊन जायचं की बघणाऱ्याला कळलं पाहिजे, ही घ्यायला आलेली नाय, टाकायला आलेय. आणि परत जाताना हात मोकळे." मग जरा हसून म्हणाल्या, "तुझ्या शेंगा बघून जीव जायचा गो माझा. पेणला त्या चवीच्या मिळत नाहीत."

रिक्षा आली. त्या गेल्या.

मी रडणारी बाई नाही. मी घरी गेले, बादल्या धुतल्या, दुपारी लॅबला गेले, लोकांच्या साखरा तपासल्या. पण दिवसभर माझं डोकं तापलेलं होतं आणि कुणावर ते नीट सांगता येईना. वन्संवर, कारण इतकी वर्षं मला वेड्यात काढलं; त्यापेक्षा सरळ चार शेंगा मागितल्या असत्या तर? ग्रामसेवकावर, पण त्या बिचाऱ्याला काय माहीत. साडीवर सह्या घेणाऱ्या सगळ्या घरांवर. संध्याकाळी जेवताना यजमानांवर निघालं.

"मी चुकीचं काय बोललो?" ते म्हणाले. "कागदावर तसंच आहे."

"कागदावर आहे. पण विचारलं कुणाला, कागदाला की तुम्हाला?"

"तिला वाईट वाटलं असेल तर फोन करतो."

"फोनवर काय सांगणार? वन्संनी तुम्हाला भीती वाटू नये म्हणून कचरा वाहिला इतकी वर्षं. पेणहून."

"कसली भीती?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, वन्संच्या शब्दांत, एकही न गाळता. तिचा स्वभावच तसा, असं त्या दिवशी ते म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना लवकर उठवलं, चहा दिला आणि स्कूटरवर मागे बसवून रोहा स्टेशनवर नेलं. पेणचं तिकीट काढून हातात ठेवलं. बाहेर मिठाईचं दुकान नुकतंच उघडत होतं. ते तिकडे वळले.

"काही घ्यायचं नाही," मी म्हटलं.

"असं कसं? बहिणीकडे रिकाम्या हाताने जाऊ?"

"हो."

"आणि जाऊन काय करू?"

"मागा."

"काय मागू?"

"ते तुम्ही बघा. जेवायला मागा, पाणी मागा, काहीही मागा. पण दारातच सांगायचं, मागायला आलोय."

ते मिठाईच्या दुकानापासून मागे फिरले. मग गाडीत चढले. मला लॅबला उशीर होत होता, उपाशीपोटी तपासणीला आलेले लोक पायरीवर बसलेले असणार, तरी मी गाडी सुटेपर्यंत थांबले. ते दारात उभे होते आणि हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. एकदा खिशात घातले, एकदा पाठीमागे बांधले. गाडी हलली तेव्हा शेवटी एका हाताने दांडी धरली आणि दुसरा तसाच राहू दिला.